वर्णनात्मक पेपरची तयारी: गोल रंगवायची सवय मोडताना

माझी पहिली मुख्य परीक्षा. सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर. शेवटची दहा मिनिटं उरल्याची घंटा झाली तेव्हा माझ्या पुढ्यात चार प्रश्न कोरे होते, दोन दहा गुणांचे आणि दोन पंधराचे. म्हणजे ५० गुण. त्यातले तीन मला चांगले येत होते. एकावर तर मी रंगीत पेनांनी नोट्स काढल्या होत्या. त्या नोट्स खोलीवर होत्या, डोक्यातही होत्या, पण उत्तरपुस्तिकेत उतरल्या नाहीत, कारण पहिल्या प्रश्नावर मी बावीस मिनिटं घालवली होती. फार छान उत्तर लिहिलं होतं ते. दहा गुणांचं होतं.

हा लेख त्या बावीस मिनिटांमुळे लिहितोय. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बरीच वर्षं बहुपर्यायी होती, म्हणजे चारांतला एक पर्याय निवडून उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये वर्णनात्मक पद्धत जाहीर केली, विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती पुढे ढकलून २०२५ पासून लागू केली. त्यामुळे ज्यांनी पाच-पाच वर्षं चार पर्यायांतून एक निवडायचा सराव केला, त्यांना आता कोऱ्या पानावर लिहायचंय. यूपीएससी मराठीतून देणाऱ्यांचं घोडंही इथंच अडतं. अभ्यास असतो, लिहिण्याची सवय नसते. मी फक्त लेखी पेपरबद्दल बोलणार आहे, आणि ज्या क्रमाने करावं असं मला वाटतं त्याच क्रमाने.

पहिलं काम: पेपर किती मोठा आहे ते हातात घेऊन बघा

लेखी परीक्षेचे एकूण नऊ पेपर. त्यातले भाषेचे दोन प्रत्येकी ३०० गुणांचे, पण फक्त पात्रतेसाठी. २५ टक्के मिळाले की झालं. उरलेले सात प्रत्येकी २५०चे: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार, वैकल्पिक विषयाचे दोन. बेरीज १७५०. त्यात मुलाखतीचे २७५ मिळवले की २०२५. केंद्राचा आराखडा हा आहे आणि राज्याने त्याच धर्तीवर आपला बेतला.

आता सामान्य अध्ययनाचा एक पेपर घ्या. यूपीएससीच्या पहिल्या तीन पेपरांत वीस प्रश्न असतात. दहा प्रश्न १० गुणांचे, १५० शब्दांत. दहा प्रश्न १५ गुणांचे, २५० शब्दांत. सगळे सोडवायचे, पर्याय नाही. म्हणजे तीन तासांत ४००० शब्द. आणि एका दिवसात सकाळ-दुपार असे दोन पेपर असले की ८०००. हा आकडा एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शेवटचं सलग ४००० शब्द हाताने कधी लिहिले होते ते आठवून पाहा. मला तरी आठवलं नव्हतं.

मग जुने प्रश्न, आणि तेही वाचायला नव्हे

बहुतेक जण आधी पुस्तक संपवतात आणि प्रश्न नंतर बघतात. मी उलटं सांगेन. अभ्यासक्रम छापून घ्या, प्रत्येक ओळीखाली त्या ओळीवर गेल्या आठ-दहा वर्षांत आलेले प्रश्न हाताने लिहा. टाइप करू नका, हाताने. चारेक दिवस जातात, कंटाळवाणं आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते जी कोणी सांगून पटत नाही: आयोग तेच विषय फिरून फिरून विचारतो, फक्त दरवेळी बाजू बदलतो. राज्यपालांच्या पदावर एकदा अधिकार विचारेल, एकदा वाद विचारेल, एकदा न्यायालयाच्या निकालाच्या अंगाने विचारेल. यूपीएससीचा सध्याचा अभ्यासक्रम २०१३ पासूनचा आहे, त्यामुळे प्रश्नांचा साठा भरपूर आहे. राज्याचे वर्णनात्मक प्रश्न अजून थोडेच, म्हणून राज्यसेवेच्या मुलांनीही केंद्राचेच घ्यावेत.

एक सूचना. यूपीएससीचा सामान्य अध्ययनाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत छापलेला येतो. उत्तर मराठीत लिहिलं तरी प्रश्न मराठीत मिळत नाही. म्हणून केंद्राची तयारी करणाऱ्यांनी जुने प्रश्न मराठीत भाषांतर करून ठेवायची चूक करू नये. इंग्रजीत वाचायचे, मराठीत विचार करायचा, मराठीत लिहायचं, ही उडी रोज मारावी लागते. राज्यसेवेत ही अडचण नाही, प्रश्न मराठीतही असतो.

प्रश्नाचं क्रियापद

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते अर्धे गुण इथे जातात.

'स्पष्ट करा' म्हणजे समजावून सांगा. 'चर्चा करा' म्हणजे वेगवेगळ्या बाजू मांडा. 'तुलना करा' म्हटल्यावर आधी अ बद्दल पान आणि मग ब बद्दल पान लिहिलं तर ती तुलना झाली नाही. निकष घेऊन दोघांना शेजारी उभं करावं लागतं. 'मूल्यमापन करा' म्हटलं की शेवटी तुमचा निकाल हवा, किती साधलं आणि किती नाही. आणि 'टीकात्मक परीक्षण करा' याचा अर्थ शिव्या घाला असा नाही. विधान कुठे टिकतं, कुठे टिकत नाही, आणि एकूण तुमचं काय म्हणणं आहे, हे तिन्ही हवं.

एक प्रश्न घेऊ. मीच बनवलाय, पण आयोगाच्या घाटाचा आहे:

'७३ व्या घटनादुरुस्तीने गावाला सत्ता दिली, पण तिजोरीच्या किल्ल्या दिल्या नाहीत. टीकात्मक परीक्षण करा.' (२५० शब्द, १५ गुण)

आमच्या गटात हा प्रश्न सहा जणांना दिला. चौघांनी सुरुवात 'भारत हा खेड्यांचा देश आहे' अशी केली. मग गांधीजींचं ग्रामस्वराज्य, मग १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, मग अशोक मेहता समिती, आणि घटनादुरुस्ती यायला दीड पान झालं. नमनाला घडाभर तेल. किल्ल्यांबद्दल शेवटी तीन ओळी. यातली माहिती एकही चुकीची नव्हती, पण प्रश्न इतिहासाचा नव्हता.

आता विधान तोडून बघा. त्यात दोन दावे आहेत: सत्ता दिली, आणि पैसा दिला नाही. कच्च्या कामासाठी एक मिनिट घ्या आणि प्रश्नाच्या बाजूला पेन्सिलीने एवढंच टिपा.

सत्ता: भाग ९, दर पाच वर्षांनी निवडणूक, राज्य निवडणूक आयोग (२४३-के), महिलांना किमान एक-तृतीयांश जागा (२४३-डी), महाराष्ट्रात २०११ पासून ५० टक्के.

पैसा: अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण ते द्यायचे की नाही हे राज्य विधिमंडळ ठरवणार (२४३-जी). करांचंही तेच (२४३-एच). राज्य वित्त आयोग (२४३-आय) दर पाच वर्षांनी नेमायचा, पण शिफारशी वेळेवर येणं आणि मानल्या जाणं हे राज्याच्या हाती. १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला.

उलट बाजू: घरपट्टी, पाणीपट्टी लावायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहेच. तो पुरता वापरला जात नाही, कारण सरपंचाला वसुली भावकीतच करायची असते आणि पुढची निवडणूक त्यांच्याच मतांवर लढवायची असते. म्हणजे एखादी किल्ली हातात आहे, कुलूप उघडलं जात नाही. आणि गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूचं उत्पन्न थेट ग्रामसभेकडे येऊ लागलं. किल्ली मिळाली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

निकाल: विधान बऱ्याच अंशी खरं, पण सगळा दोष घटनादुरुस्तीचा नाही.

एवढं टिपल्यावर उत्तर जवळपास झालंच. सुरुवात दोन वाक्यांची: '७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींना घटनात्मक दर्जा, नियमित निवडणुका आणि आरक्षण दिले. कर व निधीचे अधिकार मात्र तिने राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडले.' बस. परीक्षकाला पहिल्या दोन ओळींत कळलं की या मुलाने प्रश्न वाचलाय.

लक्षात आलं असेल की वरच्या दोन वाक्यांत 'दिले', 'सोडले' लिहिलंय. मी हा लेख बोलीत लिहितोय, उत्तर मात्र प्रमाण मराठीत लिहा. 'केलं-गेलं' आणि 'केले-गेले' यांची भेळ एका पानावर फार वाईट दिसते, आणि घाईत ती होतेच. सरावातच एक वळण पक्कं करून टाका.

नोट्स: एक विषय, एक पान

बहुपर्यायी परीक्षेच्या नोट्स म्हणजे तपशिलांचं गोदाम. कोणती समिती कोणत्या साली, कोणतं कलम कुठलं. लेखीसाठी हे सगळं लागतं, पण दहावा हिस्सा लागतो. २५० शब्दांच्या उत्तरात जास्तीत जास्त सहा-सात मुद्दे मावतात. मग वीस पानांच्या नोट्स कोणासाठी?

मी प्रत्येक विषयाला एकच पान देतो. वर व्याख्या किंवा सुरुवातीचं एक वाक्य. मग दोन्ही बाजूंचे मुद्दे. मग दोन आकडे किंवा कलमं, एखादा निकाल, एक महाराष्ट्रातलं उदाहरण. खाली उपाय. पान भरलं की नवं काही घालायचं असेल तर जुनं काहीतरी खोडायचं. या खोडण्यातच खरा अभ्यास होतो असं माझं मत झालंय.

महाराष्ट्रातल्या उदाहरणाचा आग्रह एवढ्यासाठी, की ती आपल्याला पाठ करावी लागत नाहीत. रोजगार हमीवर लिहिताना सगळेच २००५ च्या केंद्रीय कायद्यापासून सुरू करतात. १९७२ च्या दुष्काळात इथे सुरू झालेली योजना, तिचे जनक वि. स. पागे यांचं नाव आणि राज्याचा १९७७ चा कायदा आला की उत्तर वेगळं दिसतं. आरक्षणावर लिहिताना शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश. प्रशासनावर लिहिताना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. अशी तीस-चाळीस उदाहरणं एका वहीत जमली की ती सगळ्या पेपरांत फिरवता येतात. मेंढा (लेखा) मी एकाच परीक्षेत तीनदा वापरलं होतं, पंचायतीला, पर्यावरणाला आणि निबंधाला. तीन वेगवेगळे परीक्षक, कोणाला कळणार?

हात

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

वेळेचा हिशेब असा. दहाच्या प्रश्नाला ७ मिनिटं, पंधराच्या प्रश्नाला साडेदहा. १० × ७ म्हणजे ७०, १० × १०.५ म्हणजे १०५, एकूण १७५. उरली पाच मिनिटं. विचार करणं, टिपणं, पान उलटणं सगळं यातच. त्यामुळे घड्याळात एकच खूण लक्षात ठेवा: क्रमाने लिहीत असाल तर ७० व्या मिनिटाला अकरावा प्रश्न सुरू झालेला हवा. नसेल तर पुढचं प्रत्येक उत्तर चार ओळी कमी करायचं. मागे राहिलेली वेळ एका उत्तरात भरून काढायला जाऊ नका, ते उत्तर हातचं जातं.

मराठीत लिहिणाऱ्याला एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा असा, की आपल्या भाषेत विभक्ती शब्दालाच चिकटते. 'ग्रामपंचायतीच्या' हा एक शब्द. इंग्रजीत तेवढ्याला तीन-चार लागतात. त्यामुळे १५० शब्दांच्या मर्यादेत आपण जास्त सांगू शकतो. तोटा हा की आपला एकेक शब्द लांब, त्यावर काना, मात्रा, वेलांटी आणि शिरोरेषा. हात जास्त फिरतो. म्हणून खरं सांगायचं तर पुरे १५० आणि २५० शब्द फार थोडे लिहितात. १२०-१३० आणि १९०-२०० मध्ये मुद्दे आले असतील तर चालतं.

शिरोरेषा सोडून द्यावी का, हा अभ्यासिकेतला जुना वाद आहे. मी सोडली. वेग वाढला, पण पहिल्या महिन्यात माझा 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' एकसारखे दिसायला लागले. मित्राने माझं उत्तर वाचलं आणि विचारलं, "हे 'मूमि अधिग्रहण' काय आहे?" मग मी फक्त त्या चार अक्षरांची वळणं बदलली, 'भ'ची गाठ मुद्दाम मोठी केली, आणि शिरोरेषा फक्त मथळ्यांवर ठेवली. तुम्हाला शिरोरेषेसह वेळेत जमत असेल तर ठेवा. अक्षर सुंदर असण्याची गरज नाही, परीक्षकाने अडखळू नये एवढंच.

सराव टप्प्याटप्प्याने वाढवा. पहिला महिना रोज तीन प्रश्न: दोन दहाचे, एक पंधराचा, २५ मिनिटं, गजर लावून. गजर झाला की पेन खाली, वाक्य अर्धं राहिलं तरी. पहिला आठवडा तुमची तिन्ही उत्तरं होणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या महिन्यात सलग दहा प्रश्न. त्यानंतर दर रविवारी पूर्ण पेपर, आणि शेवटच्या टप्प्यात एका दिवसात दोन. दोन पेपर सलग लिहिल्यावर मनगट आणि अंगठ्याचा सांधा काय म्हणतो ते परीक्षेच्या आधीच कळलेलं बरं. पेनही तेव्हाच ठरवा. मी परीक्षेच्या आदल्या दिवशी नवंकोरं महागडं पेन घेतलं होतं आणि ते दर चौथ्या ओळीला अडत होतं.

हे सगळं पूर्वपरीक्षेच्या निकालानंतर सुरू करायचं म्हणाल, तर वरातीमागून घोडं. पूर्व आणि मुख्य यांच्यात यूपीएससीला जेमतेम तीन महिने मिळतात. त्यात लिहायला शिकता येत नाही, शिकलेलं धारदार करता येतं.

आणखी एक नियम, माध्यम मराठी असणाऱ्यांसाठी. तांत्रिक संज्ञेचा मराठी शब्द लिहून पुढे कंसात इंग्रजी संज्ञा द्यायला यूपीएससी परवानगी देते. फक्त संज्ञेला. 'राजकोषीय तूट' हा शब्द सगळ्यांना कळतो, तिथे कंस नको. पण एखादा प्रतिशब्द तुम्हालाच परका वाटत असेल तर जरूर द्या. वाक्यच्या वाक्य इंग्रजीत घुसवलीत तर मात्र गुण जाऊ शकतात.

तपासणार कोण

टेस्ट सिरीज लावावी का, असं प्रत्येक नवा मुलगा विचारतो. मी एक लावली होती. पैसे भरले, आठ पेपर लिहिले. कॉप्या तीन-तीन आठवड्यांनी परत यायच्या, प्रत्येक उत्तराखाली बरोबरची खूण आणि शेवटी 'चांगला प्रयत्न, आणखी उदाहरणे द्या'. एका उत्तरात मी मुद्दाम मधोमध 'हे कोणी वाचतंय का' असं लिहिलं होतं. त्यालाही बरोबरची खूण होती.

त्यानंतर आम्ही चौघांनी आपसात तपासायला सुरुवात केली. नियम तीनच. तपासणाऱ्याने आधी प्रश्नाचं क्रियापद अधोरेखित करायचं. मग उत्तरातला प्रत्येक परिच्छेद प्रश्नाच्या कोणत्या शब्दाला उत्तर देतो ते समासात लिहायचं. कोणत्याच शब्दाला देत नसेल तर तो परिच्छेद सरळ फुली मारून काढायचा. आणि शेवटी 'चांगलं' असं लिहायला बंदी. पहिल्या दोन आठवड्यांत भांडणं झाली. एक मुलगी तर रागावून दोन दिवस आलीच नाही, कारण तिच्या निबंधाच्या पहिल्या पूर्ण पानावर फुली पडली होती. पण सर्वांत जास्त सुधारणा तिचीच झाली.

चांगली टेस्ट सिरीज मिळाली तर घ्याच. वेळेचा शिस्तीत सराव होतो. फक्त घेण्याआधी जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली कॉपी मागून बघा. दाखवायला का-कू केली तर उत्तर मिळालं.

निबंध

निबंधाच्या पेपरात दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, १००० ते १२०० शब्द, दोन्ही मिळून तीन तास. विषय आता बरेचदा एखाद्या सुविचारासारखे असतात, त्यामुळे 'माहिती' फारशी कामाला येत नाही आणि माहितीवाल्यांची तारांबळ उडते.

समजा विषय आला: 'गाव करी ते राव न करी.' पहिली वीस मिनिटं काही लिहायचं नाही. या वीस मिनिटांत मागच्या पानावर म्हणीला छळायचं. गाव म्हणजे कोण? फक्त खेडं, की कोणताही समूह? राव म्हणजे सरकार, की श्रीमंत, की एकटा कर्तबगार माणूस? गाव एकत्र येऊन काय काय करतं: श्रमदान, पाणलोटाची कामं, हिवरे बाजार. आणि गाव एकत्र येऊन वाईट काय करतं? वाळीत टाकतं. हा मुद्दा सुचला की निबंध शाळकरी राहत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, म्हणजे गावाला आवरायला शेवटी रावच लागला. मग म्हण खोटी का? नाही, पण पुरी नाही. इथे तुमचा धागा सापडला: समूहाची ताकद आणि समूहाला लागणारा लगाम. आता प्रत्येक परिच्छेद या धाग्यावर ओवायचा.

हे वीस मिनिटांचं काम न करता जे थेट लिहायला बसतात, त्यांचा निबंध तिसऱ्या पानावर 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'याशिवाय' असा सरकत जातो. अवतरणं कमी ठेवा. कोण म्हणालं याची खात्री नसेल तर अजिबात नको.

नीतिशास्त्र

सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरात १३० गुण प्रश्नांना आणि १२० गुण सहा प्रसंगांना असतात. प्रसंगाची उत्तरं लिहिताना सगळे जण संत होतात, हाच मोठा दोष. तुम्ही तहसीलदार आहात, रात्री वाळूचा ट्रक अडवलाय, लोकप्रतिनिधीचा फोन येतो, आणि चालक म्हणतो घरी बायको बाळंत व्हायची आहे. 'मी प्रामाणिकपणे कर्तव्य बजावेन' हे उत्तर नाही. फोनवर नेमकं काय बोलाल? चालकाला दवाखान्यात जाऊ द्याल का? देता येईल की. ट्रक जप्त करायचा, त्याचा जबाब नोंदवून त्याला जाऊ द्यायचं. पंचनामा त्याच वेळी, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली कारवाई, फोनची नोंद वरिष्ठांना. आधी संबंधित कोण कोण ते लिहा, मग तुमच्यापुढचे पर्याय, मग निवडलेला पर्याय आणि त्याची किंमत कोण मोजणार तेही. नियम माहीत असलेला माणूस दयाळूही असू शकतो, हे दाखवायला या पेपरात जागा असते.

भाषेचे पेपर, ज्यांना कोणी घाबरत नाही

३०० पैकी ७५. 'मराठी तर आपली मातृभाषाच' म्हणून पुस्तकही न उघडणारे असतात, आणि त्यात अडकलं की बाकीच्या सात पेपरांचे गुण मोजलेच जात नाहीत. यूपीएससीच्या मराठीच्या पेपरात निबंध १००, उताऱ्यावरचे प्रश्न ६०, सारांश ६०, दोन्ही बाजूंचं भाषांतर मिळून ४० आणि व्याकरण-शब्दसंपत्ती ४०. सारांश एक-तृतीयांशात, स्वतःच्या शब्दांत. उताऱ्यातली वाक्यं उचलून जोडली की तो सारांश होत नाही. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी महिन्यातून दोनदा तरी मराठीत ६०० शब्द लिहून कोणाकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावेत. मराठी माध्यमवाल्यांनी हेच इंग्रजीत करावं. यापलीकडे या पेपरांना वेळ देऊ नका.

वैकल्पिक विषयाबद्दल एकच: त्याचे १७५० पैकी ५०० गुण आहेत, आणि 'कोणता विषय स्कोरिंग' हा प्रश्न मला नेहमी उलटा वाटतो. ज्या विषयाचे दहा जुने प्रश्न वाचून तुम्हाला त्यातल्या तीन-चारांवर आत्ताच काहीतरी म्हणावंसं वाटतं, तो घ्या.

परीक्षेच्या आठवड्यात

नवीन काही वाचू नका, फक्त ती एक-पानी नोट्सची चळत. रोज दोन उत्तरं लिहा, हात गार पडू देऊ नका.

पेपर हातात आला की सगळे वीस प्रश्न वाचण्यात पाच मिनिटं घालवू नका. ती पाच मिनिटं तुमच्याकडे नाहीत. यूपीएससीच्या उत्तरपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाखाली ठरावीक जागा असते, त्यामुळे क्रम बदलला तरी उत्तर त्याच्याच जागी लिहावं लागतं. पहिला प्रश्न अजिबात येत नसेल तर पुढे जा, पण त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. अगदीच न येणाऱ्या प्रश्नालाही शेवटी दोन मिनिटं द्या. प्रश्नातल्या मुख्य शब्दाचा अर्थ, दोन मुद्दे, एक उदाहरण. कोऱ्या पानाला शून्यच मिळतं.

दोन पेपरांच्या मध्ये दरवाजाजवळ घोळका जमतो. 'अकरावा प्रश्न काय लिहिलास?' तिथे थांबू नका. डबा घेऊन सावली शोधा, हाताला आराम द्या, बोटं कोमट पाण्यात बुडवता आली तर उत्तम. दुपारच्या पेपराची सुरुवात एखाद्या ओळखीच्या, दहा गुणांच्या प्रश्नाने करा. हात पुन्हा सैल व्हायला एक उत्तर लागतं. आणि सात मिनिटं झाली की, कितीही छान जमत असलं तरी, पान उलटा.